डब्यातले तुरीचे दाणे

फोनवरून गाडीचं दुखणं ऐकता येत नाही, हे मला गेल्या जुलैत कळलं.

रात्रीचा एक वाजत आला होता. लाइट गेलेली, म्हणून मी बाहेर बाजेवर पडलो होतो. भाच्याचा फोन आला. तो तिकडे अमेरिकेत, कॅन्ससच्या सपाटीवर, भर दुपारी गाडी बाजूला घेऊन उभा. बॉनेट उघडं. "मामाजी, ऐका जी, मी रेस देतो." त्याने रेस दिली. मला ऐकू आलं ते फक्त त्याचं धापा टाकणं. हे फोन माणसाचा आवाज तेवढा ठेवतात आणि बाकीचं गोंगाट समजून पुसून टाकतात. तसंही उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी तो आवाज निघाला नसता. त्याला ओझं लागतं.

"आवाज कसा येते ते तोंडानं सांग," मी म्हटलं.

तो थांबला. वणीचं पोट्टं, बारा वर्षांपासून डेनव्हरला. इंग्रजीत शब्द लगेच सापडला असता त्याला. मग म्हणाला, "डब्यात तुरीचे दाणे टाकून हलवल्यावानी."

बस. पुढचं निदान मी झोपेतही केलं असतं. हा आवाज मी सात-आठ वर्षांचा होतो तेव्हापासून ओळखतो.

त्याची गाडी म्हणजे तिकडच्या भाषेत ट्रक. आपल्याकडे ट्रक म्हटलं की डिझेल, दहा चाकं आणि मागे लिहिलेला शेर. त्यांचा ट्रक म्हणजे पुढे पाच माणसांची ऐसपैस बैठक, मागे उघडा हौदा आणि बॉनेटखाली ६.२ लिटरचं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आमच्या गावात कापूस वाहणाऱ्या पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं असतं, यावरून काय तो अंदाज करा. नोकरी बदलली म्हणून तो डेनव्हरहून कॅन्सस सिटीला चालला होता, मागे ट्रेलरवर अख्खा संसार. निघताना त्याने टाकी फुल केली होती. ८५ ऑक्टेनच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात हलक्या पेट्रोलने.

"झाकणाच्या आतल्या बाजूला काय लिहून आहे?" मी विचारलं.

"प्रीमियम रेकमेंडेड."

"मंग?"

"मामाजी, गॅलनमागं डॉलरभर फरक पडते. आन् रेकमेंडेडच लिहिलं आहे ना, रिक्वायर्ड थोडीच आहे."

हा आमच्या घराण्याचाच युक्तिवाद. डॉक्टरने "शक्यतो तिखट टाळा" म्हटलं की बाबाही त्यातल्या "शक्यतो"वरच बोट ठेवायचे.

कंपन्याही असं मोघम लिहितात, हे मात्र खरं. रॅम कंपनीच्या ट्रकातल्या ५.७ लिटर हेमी इंजिनाला ८९ सुचवतात आणि ८७ चालेल म्हणतात. फोर्डच्या साडेतीन लिटरच्या टर्बो इंजिनाला ८७ चालतं, पण ट्रेलर ओढायचा असेल तर प्रीमियम घाला असा सल्ला असतो. ८५ घाला असं मात्र सहसा कुठली कंपनी म्हणत नाही. तरी डेनव्हरच्या पंपांवर ८५ मिळतं, "रेग्युलर" या नावानं, वर्षानुवर्षं. (हे आकडे आपल्या आकड्यांशी ताडू नका. ते लोक दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आपण त्यातली एकच लिहितो. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२.)

८५ का मिळतं, याचं उत्तर डेनव्हरच्या उंचीत आहे. १,६०९ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानं सहाव्या हिश्शानं कमी. पातळ हवा, म्हणजे सिलिंडरमध्ये कमी कोंबली जाते, कमी दाबली जाते, आणि हलकं पेट्रोलही निभावून जातं. कार्बोरेटरच्या काळात हे हिशेबाला धरून होतं. पण भाचा त्या पातळ हवेत टाकी भरून निघाला आणि दिवसभर उतरतच गेला. पठारावरून सपाटीवर, साडेसहाशे मीटर तरी खाली. हवा दाट झाली, ऊन चाळिशीचं, समोरून वारा, मागे संसार. डेनव्हरला गप्प असलेली गाडी खाली येऊन बोलायला लागली.

आता बाबांची जीप.

मिलिटरीच्या लिलावातून आलेली विलिस, स्टिअरिंग डावीकडे, रंग मूळचा कोणता हे कुणालाच सांगता येत नसे. तालुक्याचा पेट्रोल पंप लांब, म्हणून गावातल्या एका दुकानात पिंपातून पेट्रोल मिळायचं. त्यात काय काय मिसळलेलं असे ते दुकानदार आणि देव जाणे. रेशनच्या रॉकेलला निळा रंग घालतात तो याचसाठी, पेट्रोल-डिझेलमध्ये गेलं तर डोळ्यांना दिसावं म्हणून. पण पिंपातल्या अंधारात निळं आणि पिवळं सारखंच. बाबा तळहातावर थेंब घ्यायचे आणि फुंकर मारायचे. पेट्रोल असेल तर हात थंड पडतो आणि थेंब नाहीसा होतो. रॉकेल असेल तर बोटांना ओशट राहतं. बहुतेक वेळा ओशट राहायचं. बहुतेक वेळा ते तरीही भरायचे, कारण दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याला जायचंच असे.

करंजीच्या अलीकडचा चढ लागला की दाणे वाजायला लागायचे. खडखड नव्हे, बारीक, कोरडं, टणटणीत. मी मागच्या पत्र्यावर बसलेला, मला वाटायचं की खरंच कुठेतरी तुरीचं पोतं फाटलं. बाबा लगेच पाय काढायचे, गिअर खाली घ्यायचे आणि इंजिनाशी बोलल्यासारखं म्हणायचे, "हो, हो, समजलं."

मग मिस्त्रीचाचाकडे मुक्काम. चाचा बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करायचे, त्याचं डोकं बोटभरही नव्हे, गव्हाच्या दाण्याएवढं फिरवायचे आणि पुन्हा आवळायचे. "टायमिंग मागं घेतलं." म्हणजे ठिणगी पडायची वेळ जराशी उशिरा केली. ठोकणं बंद. पण त्यानंतर जीपचा जीव गेल्यासारखा व्हायचा. चढावर दम लागायचा, पेट्रोल जास्त प्यायची, पाणी लवकर उकळायचं. "ठोकत नाही, पण ओढतही नाही," बाबा कुरकुरायचे. चाचा हसायचे, "खायले निवडाल तसं, कामाले मिळन तसं."

चाचांचं हे वाक्य मला इतकं पटलं होतं की पुढे वीस वर्षं बारावीच्या पोरांना ऑक्टेन शिकवताना मी बैलाचा दाखला द्यायचो. नुसत्या कुटारावर ठेवलेला बैल आणि सरकीची ढेप खाणारा बैल. फळ्यावर २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन काढायचं, म्हणजे आयसो-ऑक्टेन, त्याला १०० गुण. शेजारी सरळ साखळीचं हेप्टेन, त्याला शून्य. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ भाग हे आणि ९ भाग ते अशा मिश्रणाइतकं ठोकणारं पेट्रोल. आणि मग ढेपेचा दाखला: ऑक्टेन जास्त तर ताकद जास्त. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

चूक. सपशेल चूक, आणि ती मी वीस वर्षं शिकवली. ऑक्टेन ही ताकद नव्हेच. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, पण लिटरमागे त्यात ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने कमी. ढेपेच्या हिशेबात हे बसेल कसं?

दाखला बैलाचाच हवा असेल तर शंकरपटातल्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतल्या, बैलाचा घ्यावा. तळेगाव दशासरचा पट ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे, निकाल सेकंदाच्या तुकड्यावर लागतो. तिथे सगळ्यात अवघड बैल कोणता? दुबळा नव्हे. इशाऱ्याआधीच उसळणारा. धुरकऱ्याचा हात वर जायच्या आत त्याने झेप घेतली की जू तिरपं होतं, दुसऱ्या बैलाच्या मानेला झटका बसतो, आणि जोडीची सगळी ताकद एकमेकांत भांडण्यात जाते. ऑक्टेन म्हणजे बैलाचं थांबणं. इशारा होईपर्यंत दम धरणं.

सिलिंडरमध्ये नेमकं हेच होतं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबत आणतो, प्लग ठिणगी टाकतो, आणि जाळ प्लगपासून कडेकडे पसरत जातो. वणव्यासारखा, क्रमाने. हा जाळ पसरत असताना कोपऱ्यातलं, अजून न पेटलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. पेट्रोल दमाचं असेल तर जाळ पोचेपर्यंत थांबतं. उतावळं असेल तर तिथल्या तिथे, स्वतःहून, एकदम भडकतं. त्या धक्क्याची लाट भिंतींवर आदळते. तो आवाज म्हणजे तुरीचे दाणे. असं फार काळ चाललं तर पिस्टनच्या रिंगांमधल्या पाळ्या तुटतात, माथ्याला भोक पडतं. इंजिन जितकं जास्त दाबणारं, तितका दम जास्त लागतो. बाबांची विलिस मिश्रणाला साडेसहा पट दाबायची, भाच्याचं इंजिन साडेअकरा पट. विलिसला जे रॉकेल जड गेलं, त्याच्या तुलनेत ८५ ऑक्टेन म्हणजे गंगाजल; पण साडेअकरा पट दाबणाऱ्याला तेही पुरलं नाही. (डिझेलचं उलटं. तिथे ठिणगीच नसते; दाबलं की पेटलं पाहिजे, उसळणाराच बैल हवा. म्हणून डिझेल गाडीत कुणी चुकून पेट्रोल भरलं तर चावी न फिरवता टाकी रिकामी करायची.)

आता नवी इंजिनं. ब्लॉकला बोल्टने आवळलेला एक बारका सेन्सर असतो, इंजिनाच्या कंपांना कान लावून बसलेला. दाणे वाजायला लागले, माणसाला ऐकू येण्याच्याही आधी, की संगणक टायमिंग मागे घेतो. थोडं, मग आणखी थोडं. ठीक वाटलं की हळूहळू पुढे आणतो. चाचांनी वर्षातून दोनदा गव्हाच्या दाण्याएवढं जे फिरवलं, ते हा मिनिटातून कितीदा तरी करतो. भाच्याच्या गाडीतही हे सगळं आहे. त्याला आवाज आला, याचा अर्थ संगणकाने घ्यायचं तेवढं मागे घेऊन झालं होतं आणि तरी भागत नव्हतं.

मला खरी अस्वस्थता याची आहे. आवाज आला ते सोडा. एरवी तो येत नाही त्याचं काय?

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही माझ्या गाडीने चिखलदऱ्याला गेलो. लहान टर्बो पेट्रोल इंजिन, आत पाच माणसं, डिकीत आंब्याची पेटी. परतवाड्यात सावलीतही घाम थांबत नव्हता. आमच्याकडच्या पंपावर तेव्हा साधं ९१ चं पेट्रोल. भाच्याने मागल्या खेपेला ओबीडीचा एक छोटासा डबा आणून दिला होता, स्टिअरिंगखाली खोचायचा आणि मोबाइलवर इंजिनाचे आकडे बघायचे. बायको म्हणते, नवऱ्याला खेळणं मिळालं. घाट सुरू झाला तसा मी मुलाला म्हटलं, टायमिंगचा आकडा वाचत राहा. (आकडा खाली म्हणजे ठिणगी उशिरा.) तो वाचत गेला. चौदा. अकरा. नऊ. सहा. वळणावर पाय सुटला की पुन्हा वर, चढ आला की पुन्हा खाली. चार. गाडीत गाणी चालू होती, कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मलाही नाही. गाडी जरा मंद वाटत होती, पण ते आम्ही पाच माणसांवर आणि आंब्यांवर ढकललं. (तिथे हवा पातळ होते म्हणून सुटका होईल म्हणावं, तर टर्बो ती स्वतःच कोंबून घेतो. चिखलदऱ्याच्या उंचीचा माणसांना उपयोग, इंजिनाला नाही.)

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. तेव्हा होते ते. आकडे त्यांना समजले नाहीत, पण एक प्रश्न विचारला: "मंग गाडी कुरकुरत कशी नाही?" मी म्हटलं, कुरकुरायच्या आधीच ती कमी काम करते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपली जीप बरी होती. शिव्या तरी द्यायची."

मला हे दोन्ही बाजूंनी खरं वाटतं. सेन्सर नसता तर माझा पिस्टन कधीच फुटला असता, यात शंका नाही. पण निकृष्ट खाऊ घालून घेतलेलं काम जर आवाजच करणार नसेल, तर पुन्हा तेच घालायला आपल्याला काहीच वाटत नाही. बाबांच्या हाताला ओशट लागायचं, कानाला दाणे लागायचे. माझ्या हाताला पंपाचं नोझलसुद्धा लागत नाही.

उलट बाजूचं वेडही आहेच. आमच्या कॉलनीतला एक तरुण शंभर सीसीच्या मोटरसायकलीत महागडं प्रीमियम भरतो. त्या इंजिनाला जेवढा दम लागतो तेवढा साध्या पेट्रोलमध्ये असतो. वरचे पैसे म्हणजे दसऱ्याला गाडीला घातलेला हार. त्याने पिकअप वाढतो म्हणून शपथ घेतली. मी वाद घातला नाही. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये काढलं, पहिल्या शहरांच्या यादीत मुंबई-पुणे होते. तेव्हा हाच मुलगा दोन लिटर बाटलीत आणायला पुण्याच्या नातेवाइकाला सांगत होता.

मग ई-२० आलं. चहाच्या टपरीवर सध्या याहून मोठा विषय नाही. मायलेज पडलं, गाड्या सडतील, सरकारने फसवलं. मी मास्तर असल्यामुळे मला निवाडा मागतात, आणि माझा निवाडा कुणालाच आवडत नाही. वीस टक्के इथेनॉलच्या या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ आहे, म्हणजे चिखलदऱ्याच्या घाटात माझ्या गाडीचा आकडा आता इतका खाली जात नाही. मी पाहिलं आहे. त्याच वेळी लिटरमागची ऊर्जा कमी झाली, हेही तेवढंच खरं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. बैल शहाणा झाला, पण खुराक घटला. दोन्ही वाक्यं एका दमात बोलली की टपरीवरचे दोन्ही पक्ष माझ्यावर चिडतात.

यातली गंमत शंभर वर्षांपूर्वीची आहे. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजलीने ठोका थांबवणारं शिशाचं संयुग शोधलं. इथेनॉलनेही ठोका थांबतो हे त्या मंडळींना ठाऊक होतं. पण शिसं चिमूटभर पुरायचं, स्वस्त पडायचं आणि त्याचं पेटंट घेता यायचं. मग जग कितीतरी दशकं शिसं जाळत राहिलं. भारतात ते २००० च्या फेब्रुवारीत थांबलं, अल्जीरियात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये. म्हणजे मी विलिसच्या मागच्या पत्र्यावर बसून ज्या धुराचा वास आवडीने घेत होतो, त्यात तेच होतं. रॉकेलची भेसळ बाबांना हाताला कळायची. हे त्यांना कसं कळणार होतं?

भाच्याला त्या रात्री मी तीन गोष्टी सांगितल्या. क्रूझ कंट्रोल बंद कर, वेग उतरव. गिअर खाली ठेव, इंजिन फिरू दे पण रेटू नको. आणि पहिल्या पंपावर ९१ भर. टाकीत अर्धं ८५ आहे, त्यात अर्धं ९१ पडलं की ८८ च्या घरात येईल, मग पुढची टाकी पूर्ण चांगली. हे सगळं बाबांचंच होतं, फक्त क्रूझ कंट्रोल माझं. तासाभराने त्याचा मेसेज आला: दाणे बंद.

महिन्याभराने त्याने एक रेकॉर्डिंग पाठवलं. फोन नव्हे, चांगला माइक बॉनेटखाली बांधून, प्रीमियम भरून, ट्रेलर लावून, चढावर. पावणेदोन मिनिटांचं. सोबत लिहिलं होतं, "चाचाले ऐकवा."

चाचा आता ऐंशीच्या पुढे. गॅरेज मुलगा बघतो, तिथे स्कॅनर आहे, लॅपटॉप आहे. चाचा बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. पूर्वी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून ऐकायचे. मी हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी डोळे मिटले. हात नकळत मांडीवर, बोटं नट सैल करतात तशी थोडी फिरली. रेकॉर्डिंग संपलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डोळे मिटले.

मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"काही वाजत नाही, सर," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे का माहे कान गेले, थे मात्र नाही सांगता येत."

आत त्यांच्या मुलाने कुणाच्या तरी गाडीला स्कॅनर लावला होता. पडद्यावर सगळं हिरवं होतं.